घरी रेकॉर्ड केलेल्या पॉडकास्टचा आवाज घुमत असेल तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही दोघे जण घरातल्या टेबलाशी समोरासमोर बसता, मधोमध एक यूएसबी कंडेन्सर (हळू आवाजही टिपणारा) माईक ठेवता आणि तासभराच्या गप्पा एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड करता. ऐकताना आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो आणि मागे पंख्याची घरघर राहते. ती काढण्यासाठी ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमधले नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज कमी करणारे साधन, जोरात लावले की शब्द पाण्याखालून आल्यासारखे होतात. आता पुढचा खर्च महागड्या डायनॅमिक (कंडेन्सरहून वेगळ्या रचनेच्या) माईकवर करावा की एडिटिंगच्या सशुल्क सॉफ्टवेअरवर, असे तुम्ही विचारले आहे. आधी रेकॉर्ड केलेले तीन भाग वाचवता येतील का, हेही तुम्हाला हवे आहे.

माझे उत्तर असे, की सध्या दोन्हींवर खर्च करू नका. घरघर आणि घुमणे या दोन गोष्टी तुम्ही एकाच तक्रारीत घातल्या आहेत, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. घरघर हा खोलीत आधीपासून असलेला आवाज आहे. तुमच्या बोलण्याशी त्याचा संबंध नाही. घुमणे म्हणजे मात्र तुमचाच आवाज, जो भिंती, छत, फरशी आणि टेबल यांवर आपटून काही मिलिसेकंद उशिरा माईकपाशी परत आलेला असतो. घरघर एकसारखी असल्यामुळे सॉफ्टवेअरला ती ओळखता येते आणि काही प्रमाणात वजाही करता येते. घुमणारा आवाज तुमच्या शब्दांच्याच घडणीचा असतो, शब्दाबरोबर सुरू होतो आणि शब्दाबरोबर बदलतो, त्यामुळे ऑडॅसिटीतल्या त्या साधनाला तो वेगळा काढता येत नाही. तुम्ही जोर वाढवत गेलात तसे ते साधन घुमण्याऐवजी शब्दच कुरतडू लागले.

म्हणून थेट तोंडातून येणारा आवाज आणि खोलीतून फिरून येणारा आवाज यांचे प्रमाण रेकॉर्डिंगच्या क्षणी ठरते, आणि ते प्रामुख्याने माईक तोंडापासून किती लांब आहे यावर ठरते. माईक तोंडापासून दुप्पट लांब गेला की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. अंतर निम्मे केले की तेवढाच वाढतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच पातळीवर पसरलेला असतो, त्यामुळे माईक हलवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. टेबलाच्या मध्यावरचा माईक तुमच्या तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असेल असे धरू. तो १५ सेंटिमीटरवर आणला की अंतर दोनदा निम्मे झाले, म्हणजे थेट आवाज खोलीच्या तुलनेत सुमारे १२ डेसिबलने वर आला. हा फरक ऐकण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. एकच परिच्छेद आधी ६० आणि मग १५ सेंटिमीटरवरून वाचा, दोन्ही तुकडे सारख्या मोठेपणावर आणून एकामागून एक ऐका. दुसऱ्या तुकड्यात खोली जवळजवळ नाहीशी झालेली असेल.

डायनॅमिक माईक खोली कमी पकडतो असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्याबद्दल येथेच बोलतो. माईक किती खोली पकडतो हे तो कोणत्या दिशांनी ऐकतो यावर आणि किती अंतरावर आहे यावर ठरते. आत कंडेन्सर आहे की डायनॅमिक, यावर फार कमी. चहूबाजूंनी ऐकणाऱ्या माईकऐवजी कार्डिऑइड, म्हणजे समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकणारा माईक त्याच जागी ठेवला, तर खोलीचा आवाज सुमारे ५ डेसिबलने कमी होतो. अंतर एकदा निम्मे करून मिळणाऱ्या फायद्याहून हा फायदा थोडा कमीच आहे. डायनॅमिक माईकची ख्याती पसरली ती मुख्यतः त्याला तोंडाजवळ धरावेच लागते म्हणून. शुअर एसएम७बी हा पॉडकास्टच्या छायाचित्रांत सतत दिसणारा माईक इतका कमी संवेदनशील आहे, की त्याला सुमारे ६० डेसिबल गेन (आवाजाची वाढ) लागतो, आणि साध्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाला, तो देताना स्वतःची खरखर लपवता येत नाही. तोच माईक टेबलाच्या मध्यावर ठेवला तर तुमची तक्रार आहे तशीच राहील, वर खरखर वाढेल.

आता तुमच्याकडे असलेल्या माईकबद्दल. त्याचे मॉडेल तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून दोन गोष्टी तपासून पाहा. पहिली अशी, की टेबलावर उभे राहणारे बरेच यूएसबी माईक बाजूने ऐकणारे असतात. त्यांच्या टोकाकडे तोंड करून बोलले तर आवाज मंद आणि लांबचा येतो. जाळीच्या ज्या बाजूला कंपनीचे नाव किंवा चिन्ह असते, ती सहसा समोरची बाजू असते. दुसरी अशी, की त्यावर पॅटर्न, म्हणजे ऐकण्याच्या दिशा, बदलण्याचे बटण आहे का ते पाहा. असेल आणि तुम्ही दोघांसाठी म्हणून चहूबाजूंचा पॅटर्न निवडला असेल, तर घुमण्यात त्याचाही वाटा आहे. त्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी खूण असलेला पॅटर्न असेल तर तुमचे काम विनाखर्च बरेच सुधारेल. हा पॅटर्न पुढचे आणि मागचे सारखेच ऐकतो आणि दोन्ही बाजूंचे जवळजवळ काहीच ऐकत नाही. टेबलाच्या लांबीला समोरासमोर बसण्याऐवजी कोपऱ्यावर खुर्च्या जवळ घ्या, माईक दोघांच्या तोंडांच्या उंचीवर आणा आणि दोघेही त्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर बसा. दोघांनी इतके जवळ बसून तासभर बोलणे अवघडल्यासारखे वाटते, हे खरे आहे. तरीही नवे काही विकत घेण्याआधी एकदा असे करून पाहावे.

दोघांचे आवाज एकाच ट्रॅकवर राहण्याची अडचण याने सुटत नाही. एकाचा आवाज दणदणीत आणि दुसऱ्याचा हळू असेल, किंवा एक जण बोलत असताना दुसरा खोकला, तर एडिटिंगमध्ये हात बांधलेले राहतात. कार्यक्रम नियमित करायचा ठरला असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र माईक आणि स्वतंत्र ट्रॅक ही पुढची पायरी आहे, आणि खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा: दोन साधे कार्डिऑइड डायनॅमिक माईक आणि दोन एक्सएलआर (अशा माईकच्या तीन पिनांच्या जोडणीचे) इनपुट असलेला इंटरफेस किंवा रेकॉर्डर. दोन यूएसबी माईक एकाच संगणकाला जोडण्याचा मोह टाळा. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणाकडून आवाज घेते, आणि काही युक्तीने दोन्ही चालू केले तरी दोन्ही माईकची अंतर्गत घड्याळे किंचित वेगळी चालतात. त्या फरकाची किंमत पुढे सांगतो.

दोन माईक मांडताना प्रत्येक माईकची पाठ दुसऱ्या वक्त्याकडे राहील असे पाहा, कारण कार्डिऑइड माईक ठीक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. तुमचे तोंड तुमच्या माईकपासून जितके लांब असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर तुमच्या तोंडापासून दुसऱ्या माईकपर्यंत असावे. हे पाळले नाही तर तुमचा आवाज दोन्ही माईकमध्ये किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, आणि ट्रॅक एकत्र केल्यावर काही कंप्रता, म्हणजे ठरावीक उंचीचे स्वर, एकमेकींना खोडतात व आवाज पोकळ होतो. टेबलही हेच करते. टेबलावरून परावर्तित होऊन येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालून आला, तर तो सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि ५००, १५०० व २५०० हर्ट्झ (कंप्रतेचे एकक) यांच्या आसपास खड्डे पडतात. हे सगळे बोलण्याच्या पट्ट्यातच येतात. टेबलावर जाड, दुमडलेले कापड अंथरा आणि लॅपटॉपचा पडदा तोंडासमोर उभा ठेवू नका. स्टँड टेबलावरच ठेवावा लागत असेल तर त्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवला की बोटे आपटल्याचे धक्केही कमी होतात.

खोलीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. भिंतीवर स्पंजच्या चौकोनी फरश्या चिकटवून बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही; त्याला वजन आणि हवाबंद फटी लागतात, आणि ते घरी सहसा जमत नाही. अंड्यांच्या ट्रेने तर काहीच होत नाही. पातळ स्पंज फक्त वरच्या कंप्रता शोषतो. १००० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आणि १०० हर्ट्झची सुमारे ३.४ मीटर असते. एखादी मऊ वस्तू भिंतीलगत ठेवून प्रभावी ठरायची तर तिची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लागते, म्हणजे १००० हर्ट्झसाठीच सुमारे साडेआठ सेंटिमीटर. पातळ स्पंजाने भरलेल्या खोलीतला आवाज म्हणूनच चमक गेलेला आणि तरी खालून घुमणारा असा येतो. कपड्यांचे उघडे कपाट, गादी, जाड पडदे आणि ठासून भरलेले पुस्तकांचे शेल्फ यांचा उपयोग त्याहून जास्त होतो, म्हणून बैठकीच्या मोकळ्या खोलीपेक्षा झोपायची खोली बहुधा बरी असते. कुठली खोली घ्यायची हे ठरवण्यासाठी प्रत्येक खोलीत एकदा कडक टाळी वाजवा आणि टाळीनंतर काय उरते ते ऐका. धातूवर घासल्यासारखी झणझण उरली तर समोरासमोरच्या उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवत आहेत.

मऊ वस्तू कुठे ठेवायच्या, यातही एक साधा विचार आहे. माईक तुमच्याकडे पाहतो, म्हणजे तो तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडेही पाहतो. बहुतेक जण स्पंज माईकच्या मागे लावतात, जिकडे कार्डिऑइड माईक मुळातच कमी ऐकतो. जाड रजई किंवा दुहेरी ब्लँकेट एकच असेल तर ते वक्त्याच्या पाठीमागे, भिंतीपासून हातभर पुढे टांगावे. मागे पोकळी राहिली की तेच कापड थोड्या खालच्या कंप्रतांपर्यंत काम करते.

जवळ बोलायला लागल्यावर दोन नव्या गोष्टी घडतील, त्यांना घाबरून पुन्हा लांब जाऊ नका. दिशा पकडणारे बहुतेक माईक जवळून ऐकताना खालचा, खर्जाचा भाग फुगवतात; तो एडिटिंगमध्ये सहज कमी करता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे हवेचे धक्के. आपल्या भाषेत महाप्राण अक्षरे भरपूर आहेत, त्यामुळे प आणि ब यांच्याबरोबर फ, भ, ख, ठ, थ यांतूनही हवेचा झोत सरळ माईकवर जातो आणि ‘भप्’ असा खोल ठोका उमटतो. उपाय असा, की माईक तोंडाच्या समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्यापाशी, ३० ते ४५ अंश बाजूला ठेवावा आणि त्याचे तोंड मात्र ओठांकडेच वळवावे. आवाज सगळीकडे पसरतो, झोत सरळ जातो. त्यामुळे झोत माईकच्या बाजूने निघून जातो. पॉप फिल्टर, म्हणजे माईकपुढची झोत अडवणारी जाळी, याच्या जोडीला लावावा, आणि तो माईकला चिकटून न ठेवता चार बोटे पुढे ठेवावा. स, श, च यांची सीसी जास्त टोचत असेल तर त्यावरही हाच कोन उपयोगी पडतो.

घरघरीसाठी पहिला उपाय म्हणजे ती बंद करणे. पंखा आणि कूलर बंद करून पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करा, लॅपटॉप माईकपासून लांब आणि त्याच्या पाठीमागे ठेवा. एकसुरी गुणगुण येत असेल तर ती विजेच्या पुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली असते. लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा तपासा, पुष्कळदा ती तिथेच संपते. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर ३० सेकंद दोघांनीही अगदी गप्प बसा. हा रिकाम्या खोलीचा तुकडा पुढे दोनदा कामाला येतो.

पातळीबद्दल थोडक्यात. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा, नेहमीच्या बोलण्यातली शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतकाच गेन ठेवा, आणि मोठ्याने हसलात तरी उणे ६ ओलांडले जाणार नाही असे पाहा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर निर्धास्तपणे वाढवता येतो, पण शून्यावर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेवर, आपटून चिरलेला आवाज पूर्ववत होत नाही. संगणक, फोन किंवा रेकॉर्डर यांतली आपोआप पातळी जुळवण्याची सोय बंद करा. बोलणे थांबले की ती गेन वाढवत नेते आणि दोन वाक्यांमध्ये खोली फुगून वर येते. कान झाकणारे, वायरचे हेडफोन किमान एकाने लावून ठेवावेत. ब्लूटूथ इअरफोनचा माईक तर मुळीच वापरू नका. माईक चालू होताच बरेचसे इअरफोन टेलिफोनसारख्या अरुंद पट्ट्यावर जातात.

येथवर जे सांगितले ते सगळे एडिटिंगच्या आधीचे आहे आणि उत्तराचा मोठा भाग त्यानेच व्यापला, हे मुद्दाम आहे. जवळचा माईक, पाठीमागे रजई, बंद पंखा आणि स्वतंत्र ट्रॅक एवढे साधले तर पुढचे काम हलके होते. न साधले तर पुढच्या काही पायऱ्यांत घुमणे उलट जास्त जाणवते. ते कसे, हे पायऱ्या सांगताना दाखवतो.

मूळ फाइल वेगळी ठेवून प्रतीवर काम करा. मी आधी नॉइज रिडक्शन करतो आणि मग कापाकापी; काही जण उलट करतात, त्यातही गैर काही नाही. ऑडॅसिटीत सुरुवातीच्या त्या गप्प तुकड्यातून घरघरीचा नमुना द्या आणि कपात ६ ते ९ डेसिबल एवढीच ठेवा. हे साधन आवाजाचे अनेक अरुंद पट्टे करते आणि ज्या क्षणी एखादा पट्टा नमुन्याच्या पातळीजवळ असेल, त्या क्षणी तो दाबते. कपात जास्त ठेवली की शब्दांचे हळू भाग, विशेषतः ह, स आणि शब्दांची शेपटे, त्या दाबण्यात सापडतात आणि पट्टे उघडझाप करू लागतात. तुम्हाला जो पाण्याखालचा आवाज ऐकू आला तो हाच. थोडी घरघर उरली तरी चालते. श्रोता अर्ध्या मिनिटात ती विसरतो, विद्रूप झालेले शब्द मात्र तो विसरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने वेगळे काम करतात. त्यांतली काही निव्वळ वजाबाकी न करता, तुमच्या आवाजावरून स्वच्छ आवाज नव्याने रचतात, त्यामुळे घुमणेही खरोखर कमी होते. पण जिथे मूळ शब्द अस्पष्ट असतो तिथे ती अंदाज बांधतात, आणि व्यक्तिनाव किंवा आकडा यांचे एखादे अक्षर बदलून बसते. ती वापरलीत तर मूळ आणि सुधारित यांचे मिश्रण ठेवण्याची सोय असल्यास ती वापरा आणि पूर्ण भाग कानाने तपासा.

आता कापण्याबद्दल, कारण ऐकणाऱ्याला घरगुतीपणा सर्वांत जास्त जाणवतो तो येथे. समजा, वाक्य असे आहे: ‘आम्ही तेव्हा, म्हणजे, तेव्हा आम्ही नुकतेच काम सुरू केले होते.’ यातून ‘आम्ही तेव्हा, म्हणजे,’ काढायचे आहे. लहरींचे चित्र मोठे करून पाहिले की दुसऱ्या ‘तेव्हा’मधल्या त-च्या आधी एक छोटीशी सपाट जागा दिसते, जीभ दातांना टेकून हवा अडवते तेव्हाची ती शांतता असते. क, ट, त, प या सगळ्यांच्या आधी ती असते, आणि कापण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. पहिल्या ‘आम्ही’च्या आधीचा श्वास ठेवा, त्याच्या शेवटापासून त्या सपाट जागेपर्यंतचा भाग काढा आणि सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत असताना दुसरा चढेल. मग डोळे मिटून ऐका. श्वास एकच उरला आहे का, आणि ‘तेव्हा’चा सूर वाक्याच्या सुरुवातीला शोभतो का, एवढेच पाहायचे असते. सूर पडलेला वाटला तर कापणे रद्द करा. अडखळलेले खरे वाक्य जोडलेल्या खोट्या वाक्यापेक्षा बरे. आता हेच घुमणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये करून पाहा. त-च्या आधीची ती जागा तिथे सपाट नसते, कारण ‘म्हणजे’ची शेपटी तिथवर रेंगाळत असते. ‘म्हणजे’ काढला तरी त्याची सावली ‘तेव्हा’ला चिकटलेली राहते आणि सांधा ऐकू येतो. घुमणाऱ्या खोलीतले एडिटिंग कधीच सफाईदार वाटत नाही ते यामुळे.

श्वास सरसकट काढू नका, मोठे असतील तर ६ ते १० डेसिबलने खाली आणा. विराम लांबवायचा असेल तर तिथे निव्वळ शांतता न भरता रिकाम्या खोलीचा तो तुकडा भरा. निव्वळ शांतता आली की रेकॉर्डिंग मध्येच तुटल्यासारखे वाटते. दोन ट्रॅक असतील तर एक जण बोलत असताना दुसऱ्याचा ट्रॅक पूर्ण बंद न करता थोडा खाली ओढा.

स्वर सुधारण्यासाठी फार काही लागत नाही. ८० हर्ट्झच्या खालचे सगळे काढा. माणसाच्या बोलण्यात तिथे उपयोगाचे जवळजवळ काही नसते, टेबलाचे धक्के आणि रहदारीची घरघर असते. जवळून बोलल्यामुळे आवाज जड झाला असेल तर १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा. त्यानंतर कंप्रेसर: ३:१ हे प्रमाण आणि मोठ्या शब्दांवर ४ ते ६ डेसिबल कपात पुरेशी आहे. कंप्रेसर मोठे शब्द खाली आणतो आणि मग आपण सगळेच वर उचलतो. ६ डेसिबल उचलले तर शब्दांमधली खोली आणि घरघरही तेवढीच वर येते. एडिटिंग केल्यावर घुमणे वाढल्यासारखे वाटते म्हणून बरेच जण सॉफ्टवेअरला दोष देतात. ते खरोखरच वाढलेले असते, आणि सॉफ्टवेअरने सांगितले तेच केलेले असते.

शेवटची पातळी एलयूएफएस या एककात मोजतात, कारण शिखरांवरून कानाला जाणवणारा मोठेपणा कळत नाही. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस सुमारे उणे १६ एलयूएफएस आणि खरे शिखर उणे १ डेसिबलच्या आत अशी आहे, आणि ती धरून चालावे. फाइल मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, असेल तर तीच जाणीव उणे १९ ला मिळते, कारण मोनो फाइल ऐकताना दोन्ही कानांत वाजते आणि मोजणीत एकदाच धरली जाते. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला दुहेरी मोनो मानण्याचा पर्याय आहे. तो निवडला असेल तर आकडा उणे १६ च द्या, दोन्ही सुधारणा एकदम करू नका. निव्वळ बोलण्याच्या कार्यक्रमाला मोनो, ९६ केबीपीएसचे एमपी३ पुरते. तासाभराची फाइल सुमारे ४३ एमबी होते. जपून ठेवायची मूळ वाव फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो अशी असल्यास तासाला सुमारे ५१८ एमबी जागा घेते, तेवढी तयारी ठेवा.

मधूनमधून दूरचा पाहुणा घेता असे तुम्ही लिहिले आहे. कॉलचा आवाज रेकॉर्ड करण्यापेक्षा पाहुण्याला त्याच्याच फोनवर, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करायला सांगा आणि सुरुवातीला सर्वांनी एक टाळी वाजवा, म्हणजे ट्रॅक जुळवता येतात. घड्याळांच्या फरकाचा विषय येथे येतो. दोन उपकरणांच्या वेगात दहा लाखांत ५० इतका किरकोळ फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते, आणि उत्तर प्रश्नावर चढू लागते. शेवटीही एक टाळी घ्या. दोन टाळ्यांमधले अंतर जुळवून एक ट्रॅक किंचित ताणता येतो. हाच मार्ग तुम्हा दोघांनाही दुसरा माईक येईपर्यंत उपयोगी आहे: दोन फोन, प्रत्येकाच्या तोंडाजवळ एक, विमान मोडवर.

राहिले ते तीन भाग. नॉइज रिडक्शन केलेल्या प्रती बाजूला ठेवा आणि मूळ फाइलींपासून नव्याने सुरुवात करा. ८० हर्ट्झखालचे काढा, २५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ ते ४ डेसिबल कमी करून डब्यासारखा भाग थोडा उतरवा, घरघरीची कपात ६ डेसिबलवरच थांबवा आणि कंप्रेसर लावू नका. दोघांच्या आवाजातला फरक वाक्य-वाक्य निवडून हाताने जुळवा. त्यानंतरही काही शब्द कळत नसतील तर तेवढ्यापुरते कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन अर्ध्या मिश्रणावर वापरा. त्याने आवाज ऐकण्याजोगा होईल, जवळचा होणार नाही. विषय शिळा होणारा नसेल तर मी तरी ते तीन भाग नव्या मांडणीत पुन्हा रेकॉर्ड करीन, कारण तीन तासांच्या फाइलींवर असे काम करायला पुन्हा बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्याआधी एक मिनिटाची चाचणी करा आणि तो तुकडा कोणतीही प्रक्रिया न करता येथे ऐकायला द्या, सोबत माईकचे मॉडेल आणि तोंडापासूनचे अंतर लिहा. वर दिलेले स्वरांचे आकडे तुमच्या दोघांच्या आवाजाला तसेच लागू पडतील असे नाही. ते ऐकूनच बदलावे लागतील.